तपासणी तिची, कागद कुणाचा?



मारहाण, पोटगी, सात-बारावर नाव लावून घेणे, माहेरी आणून सोडलेल्या मुलीचे दागिने परत मिळवणे ही आपल्या सल्ला केंद्रांची रोजची कामे. गेली दोन-तीन वर्षे नांदेडच्या आणि लातूरच्याही केंद्रात त्यात एका नव्या विषयाची भर पडली आहे. बाई येते, इकडचे तिकडचे बोलते आणि उठता उठता विचारते, "ताई, मला मुंबईला मेडिकलला नेऊ लालेत. काय काय करतेत तिथं?" हा प्रश्न बहुतेक वेळा दारात उभे राहूनच विचारला जातो. त्यामागे भीती असते, आणि बरेचदा एखादी जुनी, घरात कुणाला न सांगितलेली गोष्ट असते. म्हणून या अंकाचे संपादकीय या एकाच विषयाला द्यायचे आम्ही ठरवले.

मराठवाड्यातली बाई घर सोडते ती ऊसतोडीला, नाही तर पुण्याच्या बांधकामावर, असेच आपण आजवर धरून चाललो. ते आता पुरे पडत नाही. 'लातूर पॅटर्न'मधून बाहेर पडलेले इंजिनिअर अमेरिका, इंग्लंड, कॅनडात नोकऱ्या करतात आणि त्यांच्यासाठी पाहिल्या जाणाऱ्या मुली उदगीर, अहमदपूर, लोहा, कंधारच्याच असतात. नांदेडच्या देगलूर नाक्यावर किंवा धर्माबाद-बिलोलीकडे, जिथे मुंबईपेक्षा निजामाबाद आणि हैदराबाद जवळचे, आखाती देशांत माणूस असलेली घरे नवी नाहीत. आता त्या घरांतल्या बायाही कामाला जाऊ पाहतात. जी.एन.एम. झालेल्या मुली परदेशी रुग्णालयांच्या जाहिराती विचारायला येतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीतील बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, त्यात परिचारिकाही आहेत. तेव्हापासून जर्मन भाषेच्या वर्गांचे फलक आपल्याकडच्या जिल्ह्यांतही दिसू लागले.

कुणी बायको म्हणून जाते, कुणी परिचारिका म्हणून, कुणी मोलकरीण म्हणून. यातल्या बहुतेकींना आज ना उद्या एका वैद्यकीय तपासणीतून जावे लागते. तयारी म्हणून घरचे त्यांना पासपोर्ट, फोटो, लग्नाचा दाखला यांची यादी देतात. तपासणीत काय होणार, तिचा निकाल कुणाच्या हाती जाणार आणि वाईट निघाला तर काय, याची तयारी मात्र कुणी करून घेत नाही. आमच्या अनुभवात सुईपेक्षा हा दुसरा भागच बाईला अधिक महागात पडतो.

आधी नियमांविषयी थोडे, कारण अज्ञानाचा फायदा घेणारे पुष्कळ आहेत. प्रत्येक देशाची मागणी वेगळी असते. सहा महिन्यांहून अधिक काळ ब्रिटनमध्ये राहायला जाणाऱ्या भारतीयांना फक्त क्षयरोगाची तपासणी लागते, म्हणजे काही प्रश्न आणि छातीचा एक्स-रे. अमेरिकेत कायमचे स्थायिक व्हायला जाणाऱ्यांना त्यांच्या वकिलातीने नेमलेल्या डॉक्टरांकडेच जावे लागते. तेथे शारीरिक तपासणी, एक्स-रे, वयानुसार रक्त-लघवीच्या काही चाचण्या आणि लसीकरणाची पडताळणी होते. पण नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसावर त्याची बायको म्हणून, म्हणजे एच-४ वर, जाणाऱ्या बाईला सर्वसाधारणपणे अशी तपासणी लागतच नाही. आखाती देशांत कामाला जाणाऱ्यांची यादी सर्वांत लांब: क्षय, एचआयव्ही, दोन्ही प्रकारची कावीळ (बी आणि सी), गुप्तरोग, कुष्ठरोगाची खूण आणि बाईसाठी गर्भधारणेची चाचणी.

आता हे पाहा. गेल्या वर्षी लातूरच्या केंद्रात आलेल्या एका नवविवाहितेला सासरच्यांनी 'व्हिसाचं मेडिकल' म्हणून सोनोग्राफीला आणि संप्रेरकांच्या तपासण्यांना नेले होते. तिचा अर्ज होता एच-४ चा. मूल होईल की नाही हे त्यांना आधीच पाहून घ्यायचे होते, आणि व्हिसाचे नाव सांगितल्यावर ती प्रश्न विचारणार नाही हे त्यांना ठाऊक होते. तिला हे कळले ते आमच्यासमोर अर्जाची छापील सूचना वाचताना. मूल होण्याची क्षमता तपासून व्हिसा देणारा देश नाही. तेव्हा गटातल्या प्रत्येकीने पक्के लक्षात ठेवण्याची गोष्ट ही, की ज्या देशाचा व्हिसा त्याच देशाने छापलेली तपासण्यांची यादी बाईने स्वतः पाहायची. इंग्रजी येत नसेल तर गटातल्या कुणाकडून वाचून घ्यायची. यादीत नाही ती तपासणी व्हिसाची नव्हे, आणि तिला नाही म्हणता येते.

आता क्षयाविषयी. आमच्याकडे आलेल्या प्रकरणांत सर्वांत जास्त डोळ्यांचे पाणी याच रोगाने काढले.

निलंगा तालुक्यातील एका मुलीची हकीकत तिच्या परवानगीने, ओळख पटेल असे तपशील गाळून सांगते. बारावीला लातूरला खोली करून राहत असताना तिला क्षय झाला. सहा महिन्यांचा औषधोपचार तिने पूर्ण केला, बरी झाली, पदवीही घेतली. लग्न ठरवताना घरच्यांनी हे सांगितले नाही. ("सांगितलं असतं तर जमलं असतं का?" हा तिच्या आईचा प्रश्न. त्याला आमच्याजवळ उत्तर नव्हते.) नवरा इंग्लंडात नोकरीला. मुंबईला तपासणीला सासरे सोबत गेले. एक्स-रेत फुप्फुसावर जुना व्रण दिसला, म्हणून थुंकीचे तीन नमुने मागितले गेले आणि निकालाला दोन महिने लागतील असे सांगण्यात आले. अर्जावर मोबाइल नंबर आणि ई-मेल सासऱ्यांचा असल्यामुळे निरोप आधी त्यांना गेला, मुलीला नंतर. परतीच्या गाडीतच 'फसवणूक' हा शब्द निघाला. लातूर स्टेशनवर तिचे वडील बोलावून घेतलेले होते. तिला तिथूनच माहेरी पाठवण्यात आले.

दोन महिन्यांनी तिन्ही नमुने निर्दोष निघाले आणि तिला प्रमाणपत्र मिळाले. त्याची मुदत सहा महिन्यांची असते. मग सासरकडून "आता पाठवा" असा निरोप आला. ती अजून गेलेली नाही. लातूरला एका दुकानात हिशेब लिहिते आणि विचार करते आहे. तिने जावे की न जावे यावर आमच्या बैठकीत दोन तट पडले. निर्णय तिचा आहे, एवढेच ठरले.

यात वैद्यकीय भाग किती आणि बाकीचा किती ते पाहू. जगातले साधारण एक चतुर्थांश क्षयरुग्ण भारतात आहेत. उपचार घेऊन बरी झालेली बाई कुणाला रोग देत नाही, तिच्या फुप्फुसावर फक्त खूण राहते, जशी भाजल्याची हातावर राहते. ब्रिटन किंवा अमेरिकेच्या तपासणीत अशी खूण दिसली तर थुंकी तपासतात, जंतू वाढतात का हे पाहायला काही आठवडे लागतात, आणि निर्दोष निघाल्यास वाट मोकळी होते. चालू रोग निघाला तरी उपचार पूर्ण करून जाता येते. म्हणजे तो उशीर आहे, नकार नव्हे. हा फरक एका वाक्याचा आहे, पण ते वाक्य तपासणीच्या आधी सासरच्या बैठकीत कुणी बोलत नाही आणि नंतर ऐकायला कुणी तयार नसते. आणि 'फसवणूक, आता सोडचिठ्ठी' म्हणणाऱ्यांना हेही सांगायला हवे, की क्षय हे हिंदू विवाह कायद्यात घटस्फोटाचे कारण नाही. कुष्ठरोग होते, तेही २०१९ च्या दुरुस्तीने काढून टाकण्यात आले.

पुरुषाच्या एक्स-रेवर व्रण निघतो तेव्हा काय होते? नांदेडच्या केंद्रात तसेही एक प्रकरण माहितीत आले. घरच्यांनी त्याला दूध-अंडी सुरू केली आणि बायकोला "तू त्याच्या जेवणाकडे लक्ष दिलं नाहीस" म्हणून ऐकवले.

ज्या मुलींना पूर्वी क्षय झाला असेल त्यांनी उपचाराचे कार्ड, पूर्ण झाल्याचा दाखला आणि त्या वेळचे एक्स-रे शोधून ठेवावेत. जुना आणि नवा एक्स-रे शेजारी ठेवता आला तर 'हे जुनेच आहे' हे डॉक्टरला पटकन ठरवता येते. कार्ड हरवले असेल तर ज्या सरकारी दवाखान्यात उपचार झाला तेथील नोंदवहीत शोध घ्यावा. आशाताईला सोबत न्यावे, तिला या वह्या कुठे असतात ते आपल्यापेक्षा चांगले ठाऊक असते. ज्यांना आज खोकला आहे, वजन उतरते आहे, त्यांनी व्हिसाची वाट न पाहता तपासून घ्यावे. तपासणी आणि औषध सरकारी केंद्रात मोफत आहे. उपचार चालू असताना आहारासाठी २०१८ पासून दरमहा ५०० रुपये मिळत, नोव्हेंबर २०२४ पासून ती रक्कम १००० रुपये करण्यात आली. मुलांच्या बाबतीत आणखी एक सांगायचे. अमेरिकेला स्थायिक व्हायला जाणाऱ्या २ ते १४ वर्षांच्या मुलांची क्षयासाठी रक्तचाचणी होते. आपल्या देशात ती 'पॉझिटिव्ह' येणे नवलाचे नाही. त्याचा अर्थ जंतूशी कधीतरी गाठ पडली एवढाच, रोग झाला असा नव्हे. त्यावरून आईला बोल लावणाऱ्यांना हे ऐकवावे.

परदेशाच्या दारातली तपासणी आणि बाईची लाज यांचा संबंध नवा नाही. जानेवारी १९७९ मध्ये लंडनच्या हीथ्रो विमानतळावर उतरलेल्या एका ३५ वर्षांच्या भारतीय शिक्षिकेची 'कौमार्य तपासणी' करण्यात आली. ती तिथे राहणाऱ्या आपल्या वाग्दत्त वराशी लग्न करायला गेली होती. त्या वेळच्या नियमाप्रमाणे तीन महिन्यांत लग्न करणाऱ्या वाग्दत्त वधूला व्हिसा लागत नसे, आधीच लग्न झालेल्या बायकोला मात्र परवान्यासाठी ताटकळावे लागे. ही खरेच अविवाहित आहे का, हे ठरवायला अधिकाऱ्यांना तिचे शरीर सापडले. तपासणी पुरुष डॉक्टरने केली. बातमी 'गार्डियन'ने छापली, भारतात आणि ब्रिटनमधल्या आशियाई व काळ्या स्त्रियांच्या संघटनांत संतापाची लाट उठली आणि ब्रिटिश सरकारला ही पद्धत बंद करावी लागली. तेव्हा हा एखाद-दुसरा प्रकार असल्याचे सांगितले गेले. २०११ मध्ये दोन ऑस्ट्रेलियन संशोधकांनी सरकारी दप्तरातून दाखवून दिले, की १९७० च्या दशकाच्या अखेरीस निदान ८० बायकांना या तपासणीतून जावे लागले होते आणि त्यातील बहुतेक भारतातल्याच ब्रिटिश कचेऱ्यांत. त्याच ब्रिटनने २०२२ मध्ये कौमार्य तपासणी हा गुन्हा ठरवला.

आपणही फार पुढे होतो असे नाही. बलात्कारित स्त्रीची 'दोन बोटांची चाचणी' करणे हे गैरवर्तन आहे असे सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑक्टोबर २०२२ च्या निकालात बजावले, त्याआधी २०१३ मध्येही या चाचणीवर ताशेरे ओढले होते. हे सारे इथे आठवायचे कारण एकच. 'मेडिकल' म्हटल्यावर आपल्या बायांच्या मनात जी भीती उभी राहते तिला इतिहास आहे, ती अडाणीपणाची नाही. आज मात्र व्हिसाच्या कोणत्याही तपासणीत कौमार्य पाहिले जात नाही. कुणी तसे म्हणाले, मग तो एजंट असो की घरचा, तर तो खोटे बोलतो आहे.

लसीच्या निमित्तानेही बाईचे शरीर असेच हाताशी धरले गेले होते. २००८ मध्ये अमेरिकेने स्थायिक व्हायला येणाऱ्या ११ ते २६ वयाच्या मुली-बायांना गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धची एचपीव्ही लस सक्तीची केली. स्वतःच्या नागरिक मुलींना तिची फक्त शिफारस होती. लस महाग, तीन मात्रांची, आणि सक्ती फक्त परक्या बाईवर. तिथल्या स्थलांतरित स्त्रियांच्या संघटनांनी हे धरून लावले आणि डिसेंबर २००९ मध्ये सक्ती उठली. लस वाईट नव्हती, ती आपल्या मुलींनाही मिळायला हवी असे माझे मत आहे. पण चांगली गोष्टसुद्धा दारात अडवून टोचायची नसते.

आखाताकडे वळू. इथे गोष्टी अधिक कठोर आहेत, कारण जाणारी बाई गरीब आहे आणि तिच्यामागे कर्ज आहे. क्षयाचा जुना व्रणही तिथे 'अनफिट' ठरवू शकतो. झालेली नोंद संगणकावर राहते, दुसऱ्या केंद्रावर जाऊन ती पुसता येत नाही. गर्भार बाई अनफिट. एचआयव्ही असलेली अनफिट. कावीळ 'बी'चे कायमचे जंतू असलेलीही अनफिट, मग तिला स्वतःला काही त्रास होत असो वा नसो. आज तिशी-पस्तिशीत असलेल्या आपल्याकडच्या बहुतेक बायांच्या लहानपणी सरकारी लसीकरणात या काविळीची लस नव्हतीच. ती देशभर पोचली २०११ च्या सुमारास. म्हणजे सरकारने जी लस दिली नाही तिच्या अभावाची किंमत बाई एजंटाच्या कर्जात फेडते.

या व्यवहारात क्रम उलटा लावलेला असतो. एजंट आधी पैसे घेतो, तपासणी मागाहून होते. बाई अनफिट झाली की पैसे परत मागायला गेल्यावर तो म्हणतो, मेडिकलला मी काय करू? म्हणून आमचे आग्रहाचे सांगणे आहे, की पैशाचा व्यवहार करण्याआधी विष्णुपुरीच्या किंवा लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात छातीचा एक्स-रे आणि काविळीच्या तपासण्या स्वतः करून घ्याव्यात. एचआयव्हीसाठी जिल्ह्याच्या ठिकाणी मोफत समुपदेशन व चाचणी केंद्र आहे. काही निघाले तर उपचार इथेच सुरू होतो. कावीळ बी आणि सी साठी २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात मोफत उपचार आहेत. एजंट नोंदणीकृत आहे का हे परराष्ट्र मंत्रालयाच्या 'ई-मायग्रेट' संकेतस्थळावर पाहता येते. पैसे दिले तर पावती घ्यावी. पावती न देणाऱ्याचे बाकीचे शब्दही तसेच असतात.

गर्भधारणेच्या चाचणीवरून जे चालते ते लिहिताना हात जड होतो. बिलोली भागातील एका बाईची पाळी चुकली होती. एजंटच्या माणसाने तिला मेडिकल दुकानातून गोळ्या आणून दिल्या, "पाळी आली की जाऊ." रक्तस्राव थांबेना तेव्हा तिला नांदेडला आणले. ती वाचली. तिला तो गर्भ नको होता की हवा होता, हे तिला कुणीच विचारले नव्हते, एजंटने नाही आणि नवऱ्यानेही नाही. गर्भपात हा सज्ञान बाईच्या स्वतःच्या संमतीने, नोंदणीकृत डॉक्टरकडे कायदेशीररीत्या होतो. नवऱ्याची सही लागत नाही. नोकरीसाठी गर्भ ठेवायचा नाही असे एखादीने ठरवले तर तिला दोष देणारे आपण कोण? पण ते तिने ठरवलेले असावे, आणि दुकानातल्या गोळ्यांवर नसावे.

वाचताना ऊसतोडीची आठवण झाली असेल. २०१९ मध्ये सरकारी समितीपुढे आलेल्या पाहणीत बीड जिल्ह्यातील ८२ हजारांवर ऊसतोड कामगार बायांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. पाळीत खाडा पडू नये, मुकादमाची उचल फिटावी, म्हणून. कारखान्याच्या फडावर कुणी फिटनेसचा दाखला मागत नाही, पण बाईचे शरीर कामाला सोयीचे करून घेण्याची रीत तीच.

सरकारने बाईच्या रक्षणासाठी केलेला नियमही इथे तपासून घ्यायला हवा. दहावी न झालेल्या ३० वर्षांखालील बाईला आखातासारख्या देशांत कामासाठी जाण्याची परवानगी न देण्याचा नियम कित्येक वर्षे चालत आला. हेतू चांगला असेल. प्रत्यक्षात २६-२७ वर्षांची बाई थांबली नाही, ती पर्यटक व्हिसावर गेली. तशी गेलेली बाई इथल्या तपासणीच्या वाटेला जात नाही, मग तिची तपासणी तिकडे पोचल्यावर होते. तिथे काही निघाले तर तिला परत पाठवतात, आणि नियमाबाहेर गेलेली असल्यामुळे तक्रार करायला ती धजत नाही. बंदीने बाई सुरक्षित होते हा समज आपल्या चळवळीने फार पूर्वी सोडला. दिल्लीत तो अजून रेंगाळतो आहे.

आता प्रत्यक्ष तपासणीच्या दिवसाची तयारी. ही गटांच्या बैठकीत मोठ्याने वाचावी, अशी विनंती.

पहिली गोष्ट मोबाइलची. अर्जावर नंबर आणि ई-मेल बाईचा स्वतःचा असला पाहिजे. नसेल तर काढून द्यावा, पासवर्ड तिने पाठ करावा. निकाल, पुढची तारीख, 'पुन्हा या' असा निरोप, सगळे त्यावर येते. हा विषय काढला की घरात "विश्वास नाही का?" असे विचारले जाते. पासपोर्ट तिच्या नावाचा, रक्त तिचे, मग पत्ता दुसऱ्याचा का, असे शांतपणे विचारावे.

तारीख घेताना पाळीचे दिवस टाळावेत. लघवीच्या तपासणीत रक्त उतरले की निष्कारण पुन्हा बोलावतात. दिवस गेले असण्याची शंका असेल तर एक्स-रेच्या आधी सांगावे, संकोचाने गप्प राहू नये. ब्रिटनच्या तपासणीत गर्भार बाईला पोटावर संरक्षक आवरण घेऊन पुढच्या महिन्यांत एक्स-रे, थुंकीची तपासणी किंवा बाळंतपणानंतर तपासणी असे पर्याय असतात. अमेरिकेच्या तपासणीतही तिला एक्स-रे पुढे ढकलता येतो. गोवर-रुबेला आणि कांजिण्यांच्या लसी गर्भार बाईला देत नाहीत, आणि घेतल्यावर निदान महिनाभर दिवस राहू देऊ नयेत. नुकतेच लग्न झालेल्या मुलींना हे कुणी सांगत नाही. लसीकरणाचे लहानपणीचे कार्ड आपल्यापैकी कितीजणींकडे आहे? नसले म्हणून घाबरू नये, लस पुन्हा देता येते, काही रोगांबाबत रक्तातली प्रतिकारशक्ती तपासूनही भागते. जर्मनीला जाणाऱ्या परिचारिकांनी मात्र गोवराच्या लसीचा दाखला आधीच तयार ठेवावा. तिथे २०२० पासून रुग्णालयात काम करणाऱ्यांना तो कायद्यानेच लागतो.

एक्स-रेला गळ्यातले, कानातले, केसांतल्या पिना काढाव्या लागतात. मंगळसूत्रही. एका मुलीने ते काढायला नकार दिला, कारण सासूने बजावले होते, आणि तिची त्या दिवसाची वेळ हुकली. धातू असला तर फोटोत सावली पडते आणि ती रोगासारखी दिसते, हे घरच्यांना आधी सांगून ठेवले तर हा प्रसंग येत नाही. अंगातले काढून गाऊन घालावा लागतो. पडदा किंवा बंद खोली मागावी, बाई डॉक्टर किंवा निदान खोलीत एक परिचारिका असावी असे म्हणावे. हे मागणे उद्धटपणाचे नाही.

डॉक्टर पूर्वीचे आजार, ऑपरेशने, चालू औषधे, मनाचे आजार याबद्दल विचारतात. खरे सांगावे. खोटी माहिती पुढे उघडकीला आली तर व्हिसा तिचा जातो, खोटे बोलायला शिकवणाऱ्याचा नाही. आणि हे प्रश्न विचारले जाताना आत कोण बसणार हे बाईने ठरवावे. "मी एकटीच बोलते" एवढे म्हणता आले पाहिजे. आम्ही शिबिरात हे वाक्य बायांकडून मोठ्याने म्हणवून घेतो. पहिल्यांदा हसतात. नंतर सरावाने आवाज चढतो.

एचआयव्हीच्या बाबतीत कायदा बाईच्या बाजूने आहे, तो ठाऊक असावा. २०१७ चा कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. आपल्या देशात चाचणीपूर्वी संमती आणि समुपदेशन हवे. निकाल तिच्या संमतीवाचून इतरांना सांगता येत नाही. जोडीदाराला सांगण्याची मुभा डॉक्टर-समुपदेशकांना काही अटींवर आहे, पण सांगितल्याने बाईला मारहाण होईल किंवा घराबाहेर काढतील अशी वाजवी भीती असेल तर तीही नाही. आखाती देश ही चाचणी मागतात. अमेरिकेने एचआयव्ही असलेल्यांवरची आपली प्रवेशबंदी ४ जानेवारी २०१० पासून उठवली आणि तेव्हापासून तिथल्या स्थलांतराच्या तपासणीत ही चाचणी लागत नाही. एजंट किंवा सासरचे 'अमेरिकेसाठी लागते' म्हणून ती करवून घेत असतील तर त्यांना ही तारीख दाखवावी.

सरकारकडे आमच्या मागण्या फार नाहीत. मान्यताप्राप्त केंद्रे मुंबई-हैदराबादसारख्या शहरांत आहेत, नांदेड-लातूरच्या बाईला त्यासाठी एक रात्र प्रवासात आणि एक परक्या शहरात काढावी लागते, आणि म्हणूनच ती कुणाच्या तरी ताब्यात जाते. कोणती केंद्रे नेमायची हे परदेशी सरकारे ठरवतात, हे आम्हाला कळते. पण जिल्हा रुग्णालयात परदेशी जाणाऱ्या बायांसाठी आठवड्यातून एक दिवस सल्ल्याचा ठेवणे, जुन्या क्षयरुग्णांना दाखल्याची प्रत हेलपाटे न घालता देणे, आणि या तपासण्यांची साधी मराठी व उर्दू माहिती पासपोर्टच्या कचेरीत लावणे हे आपल्याच सरकारच्या हातात आहे. तसे निवेदन दोन्ही जिल्ह्यांच्या जिल्हाधिकाऱ्यांना द्यायचे आहे. गटांनी आपापल्या सह्या लवकर पाठवाव्यात.

तोवर सोबतीचा प्रश्न आपणच सोडवायला हवा. घरच्यांऐवजी किंवा घरच्यांबरोबर गटातली एक मैत्रीण मुंबईला जाईल, असे आम्ही सुचवले होते. नांदेडच्या गटाने चौघींची नावे दिली आहेत. त्यातल्या दोघींनी एकदा तपोवन एक्स्प्रेसने जाऊन केंद्राचा रस्ता, जवळची धर्मशाळा आणि परतीच्या देवगिरीची वेळ पाहून ठेवली. लातूरहून अजून एकच नाव आले आहे. प्रवासखर्चासाठी केंद्राच्या निधीतून पैसे द्यावेत की जाणाऱ्या बाईच्या घराकडून घ्यावेत, यावर पुढच्या बैठकीत बोलायचे आहे. येताना ज्यांच्या घरात जुनी क्षयाची कार्डे, एक्स-रे असतील त्यांनी घेऊन यावेत. कोणत्या दवाखान्यातून प्रत मिळते याची यादी तिथेच करायला घेऊ.